पावती फाडली की विषय संपला

गाडीत बसण्याआधी शिवांगी गाडीभोवती एक फेरी मारायची. ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात, चारी चाकांवर एकेक चापट, शेवटी पुढच्या काचेवरून हात. हिवाळ्यातही तेवढ्यापुरता ती हातमोजा काढायची. मोज्यातून टायर बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तिची मैत्रीण अक्षता हे सगळं पाहायची ते फक्त बुटांच्या रूपात. कॅनडात, ओंटारिओतल्या लंडन शहरात दोघी एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत. तिथली खिडकी आतून छताला टेकलेली आणि बाहेरून जमिनीला. पांघरुणातून डोळे उघडले की समोर बर्फ आणि त्यातून फिरणारे तपकिरी बूट. बूट थांबले की थप्. पुन्हा चालले, पुन्हा थप्. चौथी थप् झाली की अक्षता उठायची. गजर लावणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

ही सवय मुळात आबांची, म्हणजे शिवांगीच्या वडिलांची. आबा शिंदे फलटण आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी एकाही अपघाताशिवाय काढली म्हणून महामंडळाने त्यांना बिल्ला दिला होता. निवृत्त झाल्यावरही ते लग्नाकार्याला तो सदऱ्यावर लावून जायचे, आणि शिवांगीची आई त्यांना म्हणायची, अहो, नवरदेव तुम्ही नाही. शिवांगी गाडी शिकली ती त्यांच्याकडेच, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात. क्लचच्या आधी तिला चाकं वाजवायला शिकवली. आबांच्या निवृत्तीचे पैसे तिच्या इथल्या कॉलेजच्या फीत गेले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गाडी काय म्हणतेय?

गाडी बरंच काही म्हणायची, कारण ती जुनी होती. राखाडी कोरोला, मागच्या दारावर आधीच्या मालकाने पाडलेला पोचा. तिच्यातून काही वेगळा आवाज आला की शिवांगी फोन बॉनेटजवळ धरायची आणि आबा साता समुद्रापलीकडून रोग सांगायचे. बेल्ट कोरडा पडलाय. ब्रेकचं पॅड झिजलंय. गॅरेजवाला तेच सांगायचा, फक्त पैसे घेऊन.

तिची नोकरी गाडीवर होती. दिव्यांग प्रौढांना त्यांच्या घरी जाऊन मदत करणारी एक एजन्सी होती, तिथे ती कामाला होती. तिच्याकडे मुख्य काम डग्लसचं. डग्लस चाळिशीकडे झुकलेला, अंगाने थोराड, फार न बोलणारा. तो त्याच्या म्हाताऱ्या आईबरोबर, मार्लीनबरोबर, शहराबाहेर शेतात राहायचा. तिथे बस जात नव्हती. शिवांगी सकाळी त्याला गाडीत घालून पोहायला न्यायची, मग लायब्ररीत, मग परत. गाडीत तो दोन्ही पंजे डॅशबोर्डवर पसरून बसायचा आणि रस्त्याकडेचा प्रत्येक विजेचा खांब आला की मान हलवायचा. शिवांगी म्हणायची, माझ्या कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. डग्लसनेही मग डॅशबोर्डवर दोनदा बोट वाजवायला सुरुवात केली होती.

एजन्सीकडून पूर्णवेळ कामाचं अखंड एक वर्षाचं पत्र मिळालं की ती पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहण्यासाठी, अर्ज करू शकणार होती. वर्ष ऑगस्टअखेर भरत होतं आणि वर्क परमिट सप्टेंबरात संपत होतं. मधल्या फटीत जेमतेम अर्ज बसत होता. या हिशेबात कुठे पाय घसरायला जागा नव्हती, आणि शिवांगी घसरणाऱ्यांतली मुलगी नाही, असं अक्षताला वाटायचं.

घसरली ती गाडी. जानेवारीतल्या एका सकाळी, शहराच्या पश्चिमेच्या सिग्नलला. विंटर टायर होते, वेग बेताचा होता, पण रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता. ब्रेक दाबला आणि गाडी न थांबता शांतपणे पुढे चालत राहिली. समोरच्या व्हॅनच्या बंपरला जाऊन टेकली. कुणाला काही झालं नाही. व्हॅनमधल्या बाईने उतरून हिलाच विचारलं, आर यू ओके, हनी? पोलीस आला, तोही सभ्य. शिवांगीने त्याला बहुधा पन्नास वेळा सॉरी म्हटलं असेल. त्याने निष्काळजी ड्रायव्हिंगचं तिकीट फाडून हातात दिलं आणि जपून जा म्हणाला.

त्या संध्याकाळी अक्षता पोळ्या लाटत होती. शिवांगी कोट न काढताच लॅपटॉप उघडून बसली आणि तिकिटाचा नंबर घालून दंड भरून टाकला. असंच एकदा उन्हाळ्यातही झालं होतं. शाळेजवळच्या कॅमेऱ्याने वेग जास्त म्हणून फोटो काढला, दंडाचं पत्र घरी आलं, तिने त्याच दिवशी भरलं आणि पुढे काही म्हणजे काही झालं नाही. शिवाय घरची शिकवण होती. आबा म्हणायचे, रस्त्यावर चूक झाली तर वाद घालू नये, पावती फाडावी, विषय संपला. कोर्टात जायला आपण काय चोर आहोत?

दंड भरल्यावर शिवांगीने स्क्रीनला हात जोडले होते. अक्षताने तिला गरम पोळीवर तूप घालून दिलं होतं आणि दोघींनाही हलकं वाटलं होतं. हे सगळं अक्षताला नंतर पुन:पुन्हा आठवायचं, त्या पोळीसकट.

एप्रिलमध्ये इन्शुरन्स कंपनीचा मेल आला. मुदत संपल्यावर तुमची पॉलिसी आम्ही पुढे चालू ठेवणार नाही. भाषा अतिशय नम्र होती. शिवांगीला वाटलं चुकून आलाय. तिने फोन केला, पलीकडच्या मुलीने कारण सांगितलं, आणि शिवांगी तिला थँक यू म्हणून भिंतीकडे बघत बसली.

मग दोघी प्रतापकाकांकडे गेल्या. प्रताप जाधव मूळचे कोल्हापूरचे, इथे इन्शुरन्स ब्रोकर. शावर्माच्या दुकानाशेजारी त्यांचं ऑफिस होतं, त्यामुळे तिथे कायम लसणाचा वास यायचा. अर्ध्या मराठी लंडनच्या गाड्यांची कुंडली त्यांच्याकडे होती. मंडळाच्या गणपतीत लोक त्यांना बघून आपोआप सावकाश गाडी पार्क करायचे.

काकांनी तिचा रेकॉर्ड काढून पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. "तिकीट मिळाल्यावर केलंस काय तू?"

"भरलं ना लगेच. त्याच दिवशी."

"कुणाला विचारलं नाहीस?"

"विचारायचं काय त्यात? माझी चूक होती."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. तिकिटाच्या मागे तीन वाटा छापलेल्या असतात. दंड भरा, किंवा सरकारी वकिलाला भेटा, किंवा कोर्टात उभे राहा. पहिली वाट धरली म्हणजे गुन्हा कबूल. कॅमेऱ्याचं तिकीट गाडीच्या नावावर असतं, ते ड्रायव्हरला चिकटत नाही. हे पोलिसाने हातात दिलेलं, हे तिच्या नावावर होतं. वकिलाला भेटली असती तर बर्फाचं कारण होतं, पहिलीच वेळ होती, बहुतेक वेळा ते लोक गुन्हा खाली आणतात, हलकं कलम लावतात. शिक्षा लागल्यापासून महिन्याभरात आली असती तरी अपिलासाठी धावपळ करता आली असती. आता एप्रिल होता.

शिवांगीने विचारलं, पॉइंट किती लागले. काका म्हणाले, सहा. तिने विचारलं, ते दोन वर्षांनी जातात ना? तिने तसं वाचलं होतं.

"पॉइंट जातात गं. पण पॉइंट सरकार मोजतं, लायसन्स काढून घ्यायचं की नाही ते ठरवायला. इन्शुरन्सवाल्याला पॉइंटशी घेणं नाही. त्याला दिसते शिक्षा, आणि ती तीन वर्षं दिसते. वर तुझा अपघात. असल्या ड्रायव्हरसाठी वेगळ्या कंपन्या आहेत, त्या घेतात." आणि त्यांनी आकडा सांगितला.

तो तिच्या आताच्या हप्त्याच्या तिप्पट होता. महिन्याचा हप्ता बेसमेंटच्या तिच्या भाड्यापेक्षा जास्त, आणि सुरुवातीला काही महिन्यांचे एकदम द्यायचे. वर्षाचा हिशेब केला तर तेवढ्यात ती कोरोला पुन्हा विकत घेता आली असती, नवे टायर घालून.

"काका, मी बारा वर्षं गाडी चालवतेय," शिवांगी म्हणाली. "एकदाही कुणाला खरचटलं नाही."

"त्यांच्याकडे तुझी अडीच वर्षं आहेत, पोरी. बाकीची फलटणला राहिली."

पुढचे तीन आठवडे शिवांगी फोन करत राहिली. कामावरून आली की जेवणाआधी एक, जेवणानंतर दोन. प्रत्येक कंपनीला ती तीच गोष्ट सांगायची, बर्फाची, व्हॅनमधल्या बाईची, आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट आखूड होत जायची. शेवटी शेवटी ती नुसतंच म्हणायची, वन कन्व्हिक्शन, वन अ‍ॅक्सिडेंट, आणि आकडा ऐकायची. अक्षताची शिल्लक आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला गेली होती. जे उरलं होतं ते तिने पुढे केलं, शिवांगीने ते परत तिच्या उशीखाली सरकवलं. एजन्सीच्या बाईंनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की चालू इन्शुरन्सचा कागद नसेल तर डग्लसचं काम देता येणार नाही. शहरातल्या शहरात शनिवार-रविवारचे काही तास आहेत. ते तास पूर्णवेळ धरले जात नव्हते, म्हणजे वर्ष भरत नव्हतं.

आबांना मात्र यातलं काही कळलं नव्हतं. रोजचा फोन रोज यायचा. गाडी काय म्हणतेय? बरी आहे, आबा.

शिवांगीचं जेवण कमी झालं. रात्री ती पाठ करून पडायची, पण अक्षताला कळायचं की ती जागी आहे. एकदा अंधारात ती म्हणाली, "अक्षे, मी त्या दिवशी कोट तरी काढायला हवा होता गं. कोट काढेपर्यंत थांबले असते तर कदाचित तिकिटाची मागची बाजू वाचली असती."  अक्षताने हात लांब करून तिच्या दंडावर ठेवला. दंड गार होता.

वाट सुचवली ती शीलाकाकूंनी. शीलाकाकू म्हणजे घरमालकीण, वरच्या मजल्यावर राहायच्या. डोंबिवली सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, पण डोंबिवलीने त्यांना सोडलं नव्हतं. प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे ओळखीतला माणूस आणि आडवाट असायची. त्या वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, यात रडण्यासारखं काय आहे? गाडी अक्षताच्या नावावर करा. तिचं लायसन्स धुतल्या तांदळासारखं आहे. तीच चालवते म्हणून सांगा, हिचं नावच काढू नका. आमच्या निमिषची गाडी नव्हती का दोन वर्षं माझ्या नावावर? मला तर तेव्हा ती सुरूही करता यायची नाही.

"आणि काही झालं तर?" अक्षताने विचारलं.

"निमिषला काय झालं?"

त्या वर गेल्यावर दोघी बराच वेळ खिचडीकडे बघत बसल्या. अक्षताच्या पीआरचा अर्ज महिन्यापूर्वीच गेला होता. ती घरून काम करायची, तिला गाडीची गरजच नव्हती. शिवांगी नुसती एक दाणा बोटाने चिरडत राहिली. तिने मागितलं असतं तर अक्षताला नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

"चल, करू," अक्षता म्हणाली.

"नको गं."

"काऊन नको? ऑगस्टपर्यंतचा तर प्रश्न आहे. मग काढून टाकू."

शिवांगीने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदाच रडली होती. अक्षताला वाटलं, हे सुटकेचं रडू आहे.

जुनी पॉलिसी संपायला दोन दिवस उरले असताना त्या प्रतापकाकांकडे गेल्या. निघताना शिवांगीने फेरी मारली, चारी चाकं वाजवली.  एका सिग्नलला पिवळा दिवा लागला तसा शिवांगीने इतक्या लवकर ब्रेक दाबला की मागच्याने हॉर्न वाजवला.

काकांनी दोघींना बसवलं, अक्षताकडे पाहिलं, शिवांगीकडे पाहिलं. त्यांना न सांगताच सगळं समजलं असावं. त्यांनी चहा मागवला नाही. नेहमी मागवायचे.

"मी फॉर्मवरचे प्रश्न विचारतो," ते म्हणाले. "तुम्ही जे उत्तर द्याल ते लिहितो. घाई करायची नाही. नंतर एखाद्या क्लेमला खोटं सापडलं, तर कंपनी हात वर करते, आणि ज्याची सही असेल त्याच्या नावावर ते बसतं. हे मी सगळ्यांनाच सांगतो."

गाडी कोणाच्या नावावर होणार? अक्षताच्या. रात्री कुठे उभी असते? घराच्या ड्राइव्हवेत. कामाला किती लांब जाते? अक्षता अडखळली. ती कामाला जातच नव्हती. "थोडंच," ती म्हणाली. काकांनी लिहिलं. मुख्य ड्रायव्हर कोण?

"मी."

"अजून कोणी चालवणार? घरातलं, बाहेरचं, कधीमधी?"

अक्षता म्हणाली, "नाही, कोणी नाही."

आपला आवाज इतका नेहमीसारखा येईल असं तिला वाटलं नव्हतं. काकांनी कागद छापून काढले, सहीच्या जागी फुली मारली आणि पेन पुढे केलं. तिने ते घेतलं. भीती तिने आदल्या रात्रीच संपवून टाकली होती. पेनाने अ चा पहिला गोल काढला, तेवढ्यात कागदावर एक हात आला. उघडा, नखं कापलेला, चाकं वाजवून तळव्याला काळं लागलेला.

"काका, गाडी मीच चालवणार आहे," शिवांगी म्हणाली. "रोज."

शेजारच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने ऑर्डर सांगत होतं. काकांनी चष्मा काढला.

"हे तू बोलली नसतीस तर मी ऐकलं नसतं, पोरी," ते हळू म्हणाले. "आता ऐकलंय."

"हो."

त्यांनी कागद उचलले, आडवे फाडले आणि टोपलीत टाकले. मग चहा मागवला. तिघांनी तो प्यायला.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर अक्षताचा संताप झाला. एवढं ठरवून आलो होतो. सही मी करणार होते, धोका माझा होता, तुझं काय जात होतं? ऑगस्ट तर होता फक्त. ती बरंच काही बोलली, लागेल असंही बोलली. हरिश्चंद्राची अवलाद, असंही म्हणाली. शिवांगी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत होती. गाडी तिने सुरू केली नव्हती.

"बाजूला डग्लस बसलेला असतो गं," ती शेवटी म्हणाली. "पंजे पुढे पसरून. उद्या पुन्हा घसरली तर त्याला कोण बघणार? आणि तुला कोण?"

अक्षता काचेबाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने शिवांगीने डॅशबोर्डवर दोनदा बोट वाजवलं आणि गाडी सुरू केली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पॉलिसी संपली आणि गाडी ड्राइव्हवेत उभी राहिली. तरी शिवांगी काम सोडायला तयार नव्हती. ती पहिल्या बसने शहराच्या टोकापर्यंत जायची आणि तिथून शेतांच्या कडेने चालत डग्लसच्या घरी. कडेला फुटपाथ नव्हता, खडीतून चालावं लागायचं, ट्रक गेला की अंगावर धूळ. मार्लीन कधी अर्ध्या वाटेवर गाडी घेऊन यायची, पण तिला एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं आणि शिवांगीला तिच्या शेजारी बसायची भीती वाटायची. पोहणं बंद झालं, लायब्ररी बंद झाली. डग्लस सकाळी अंगणात येऊन कोरोलाची वाट बघायचा, शिवांगी समोर उभी असली तरी. मे संपता संपता एजन्सीने ते काम गाडी असलेल्या दुसऱ्या मुलीला दिलं. यात कुणाचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं.

तिने उरलेले सगळे दरवाजे ठोठावले. दुसऱ्या एजन्सी, वृद्धाश्रम, एडमंटनमधल्या ओळखीच्या ओळखीचं कुणीतरी. सगळीकडे एकच प्रश्न आधी यायचा, गाडी आहे का, किंवा एकच उत्तर, तुमचं परमिट तर सप्टेंबरमध्ये संपतंय. जुलैत तिने कोरोला विकली. एक पंजाबी विद्यार्थी घेऊन गेला. त्याला ती हिंदीत अर्धा तास सगळं सांगत होती, थंडीत चावी फिरवून लगेच रेस करू नकोस, मागच्या दाराचं कुलूप वरून दाबावं लागतं. शेवटी विचारलं, इन्शुरन्स का बंदोबस्त किया है ना? तो हो म्हणाला. गाडी वळणापर्यंत गेली तरी ती ड्राइव्हवेतच उभी होती, जिथे तेलाचा एक डाग राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षताला उशिरा जाग आली.

आबांचा फोन चालूच होता. गाडी काय म्हणतेय? बरी आहे, आबा. प्रतापकाकांसमोर जिला एक खोटं पेलवलं नाही, ती हे रोज बोलायची, सहज, भाजी चिरता चिरता. ऑगस्टमध्ये एकदा आबा म्हणाले, बऱ्याच दिवसांत आवाज ऐकला नाही, जरा चालू करून ऐकव. शिवांगी पायऱ्या चढून वर गेली. शीलाकाकूंना तिने खुणेनेच सांगितलं. काकू ओट्यावरचं काम टाकून चपलांशिवाय बाहेर आल्या आणि त्यांनी आपली व्हॅन सुरू केली. शिवांगीने फोन बॉनेटवर धरला. अक्षता दारात उभी होती. व्हॅन नवी होती, जवळजवळ आवाजच नव्हता तिला.

पलीकडे आबा बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज बदललाय गं," ते म्हणाले.

"बेल्ट बदलला, आबा."

"बरं." आणि थोडं थांबून, "चांगला बसवलाय. जपून चालव."

त्यानंतर त्यांनी गाडीबद्दल विचारणं बंद केलं. त्यांना कळलं की काय, हे शिवांगीला विचारायचा धीर अक्षताला कधी झाला नाही. शीलाकाकू मात्र त्या दिवशी खिचडी, सल्ला, काहीच न देता मुकाट्याने आत गेल्या, आणि सप्टेंबरचं भाडं त्यांनी शिवांगीकडून मागितलं नाही. शिवांगीने ते पहिल्या तारखेलाच नेऊन दिलं.

ती सप्टेंबरच्या शेवटी निघाली. टोरोंटोच्या विमानतळाकडे जाणारी बस शहराच्या पूर्वेकडून सुटायची, शीलाकाकूंनी तिथपर्यंत दोघींना सोडलं. दोन बॅगा होत्या. बर्फावरचे तपकिरी बूट तिने बेसमेंटमध्येच ठेवले, फलटणला काय करू म्हणाली. वाटेत काकू अखंड बोलत होत्या, दोन वर्षांनी पुन्हा ये, तोवर सगळं पुसलं जाईल. तीन, शिवांगीने हसून दुरुस्ती केली. मार्लीनने डग्लसचा एक फोटो पाठवला होता, नव्या मुलीच्या गाडीत बसलेला. पंजे डॅशबोर्डवर होते. तो तिने दोघींना दाखवला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

बस यायला वेळ होता. काकू तिकिटाचं विचारायला आत गेल्या. अक्षताने ठरवलं होतं की त्या दिवशी गाडीत बोललेल्या शब्दांबद्दल काहीतरी बोलायचं, पण शिवांगी व्हॅनपाशी गेली होती. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून तिने फेरी मारली. एक चापट, दुसरी. तिसऱ्या चाकापाशी ती थांबली, पुन्हा वाजवून पाहिलं, वाकून कान दिला. चौथं वाजवून पुढच्या काचेवरून हात फिरवला. मग बस आली, बॅगा पोटात गेल्या, काकू धावत आल्या आणि तिला मिठी मारून रडल्या. अक्षताला रडू आलं नाही, तिने नुसता तिचा हात धरून ठेवला होता.

पुढे फोनवर त्या दोघी कितीतरी बोलल्या, अजून बोलतात. पण समोर उभं राहून, या देशात, ती जे शेवटचं बोलली ते बसच्या पायरीवरून, मागे वळून.

"अक्षे, काकूंच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. घरी जाताना आधी भरून घ्या."